बाभळीवरचा चास

तमाम रयतेस, पाटील-पटवाऱ्यांस आणि विशेषेकरून कमलनगरच्या शिवारात घरटी बांधून राहणाऱ्या सर्व पाखरांस इत्तला देण्यात येते की, पोट सुटलेला एक कापड-दुकानदार चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाखरं बघायला निघाला आहे. तरी कोणी घाबरून जाऊ नये!

ही दवंडी मी आरशासमोर रुमाल बांधता बांधता पिटली. रयत म्हणून समोर एकटी बायको होती. ती म्हणाली, "आन् दुकान कोन उघडायचं? टिटवी?"

ही कामगिरी माझ्यावर दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मालकांनी सोपवली होती. पाखरांचा नाद मात्र बहिणीचाच. लहानपणी अक्का गुरं राखायची आणि मी तिच्या मागे मागे. कोतवाल म्हशीच्या पाठीवर का बसतो, टिटवी जमिनीवरच अंडी का घालते, हे सगळं तिनं दाखवलं. पुढे माझ्या हाती गज आणि कात्री आली आणि पाखरं सुटली ती सुटलीच.

मग अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आमच्याकडे दसऱ्याला शीव ओलांडून शमीला जायचं आणि चास पक्षी बघून हात जोडायचे, म्हणजे वर्ष चांगलं जातं. काहीजण त्याला नीळकंठ म्हणतात. चास दिसल्याशिवाय अक्का कुणाला सोनं देत नसे. धूसर डोळ्यांनीही ती दर दसऱ्याला गाडीत बसून जायची आणि शिवेपलीकडच्या दाजींच्या रानातल्या बाभळीवर तिला चास हमखास दिसायचा. मी दसऱ्याला दुकान सोडू शकत नसे. अक्कानं घरी येऊन सांगावं आणि मी नवल करावं.

यंदा सोलापूरच्या दवाखान्यात तिचे डोळे उघडले. जाड भिंगांचा चष्मा लावून ती पिंगळ्यासारखी सगळ्यांकडे टकमक बघू लागली. बघायला गेलो तर मला म्हणाली, "तम्मा, किती सुटलास रे! मला कुनी सांगितलंच न्हाई." मग हात जोडून म्हणाली, "त्या चासानं मला डोळे दिले बघ. औंदा त्याच बाभळीला जायचं. लई गुणाचा हाय. कितीबी येळ हात जोडा, जागचा हलत न्हाई."

दाजींनी मला दंडाला धरून गोठ्यात नेलं.

"पाव्हणं, मेलो की म्या!"

"कामून?"

"त्यो चास तुमच्या दुकानातलाय."

मला उलगडा होईना. मग त्यांनी सांगितलं. डोळे धूसर झाले त्या पहिल्या साली चास कुठंच दिसला नाही. अक्का गाडीतच मुसमुसून रडायला लागली. दाजींच्या कमरेला माझ्या दुकानातला निळा पंचा होता. तो त्यांनी बाभळीत खोचला आणि तिला म्हणाले, "ती बघ, निळं निळं दिसायलंय का?" तिला तेवढं दिसलं. तेव्हापासून दर दसऱ्याला तोच पंचा.

"मग सांगून टाका खरं," मी म्हणालो.

"कसं सांगू? चासाच्या नावानं रोज दिवा लावायलीय ती. पंच्याला लावला म्हनू का?" दाजींनी माझा दंड पुन्हा आवळला. "पाव्हणं, तुमाला पाखरातलं कळतंय. त्या बाभळीवर खरा चास बसवा."

जशी काही पाखरं मी वारावर मोजून देतो!

पण रोज पहाटे मी त्या बाभळीखाली जाऊन बसू लागलो. चास सोडून सगळे आले. काळा पट्टा डोळ्यांवर ओढलेला खाटीक पक्षी आला आणि त्यानं बाभळीच्या काट्यांना नाकतोडे टोचून आपलं दुकान मांडलं. मांडणी माझ्या दुकानापेक्षा नीटस होती. मूग काढलेल्या रानात उंच पायांचं एक तांबूस पाखरू दिसलं. चार पावलं पळायचं, ताठ उभं राहायचं, पुन्हा पळायचं, जणू तहसीलदारानं घंटी वाजवून बोलावलेला पट्टेवाला! पुढे कळलं की ते धाविक. इतकी वर्षं ते माझ्या गावाबाहेर पळत होतं आणि मी आत कापड फाडत बसलो होतो. त्याला बघताना मला पुन्हा गुरांमागचं वय आल्यासारखं झालं. दाजींच्या त्या पंच्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. गिऱ्हाइकं दारात ताटकळायची, बायको टोमणे मारायची आणि मी धोतराला कुसळं घेऊन हसत हसत परतायचो.

चास अखेर सापडला तो रुळाकडेच्या तारेवर. शेजारच्या रानात वखर चालला होता. मातीतून किडे वर आले, की हे महाराज तारेवरून उतरून वखरामागं हजर. मी दाजींकडे धावलो. खंडेनवमीला अवजारं पूजेला बसतात, मग त्यांना हात लावायचा नाही. म्हणून दाजींनी अष्टमीलाच बाभळीभोवतीच्या पट्टीला वखराची पाळी घातली. नवमीला चास बाभळीवर आला. दसऱ्याला येईल की नाही, हे तोच जाणे.

दसऱ्याला मी दुकान बंद ठेवलं. गाडी शिवेपार गेली. दाजी बैलांपेक्षा जास्त घामेजले होते. कासरा माझ्याकडे देऊन ते कमरेचा पंचा चाचपत राहिले. मी डोळ्यांनीच दटावलं.

बाभळीवर चास होता.

पण बसलेला चास म्हणजे मातकट, मान आखडलेलं पाखरू. निळाई सगळी पंखांत मिटलेली. अक्कानं चष्मा सावरला. पुष्कळ वेळ बघितलं.

"ह्योच व्हय? गेल्या साली लई निळा होता की!"

"वय... वय झालं असंल," दाजी म्हणाले.

मी बैलाच्या पाठीवर तोंड लपवलं. अक्कानं तरीही हात जोडले. भिंगांआडून पाणी वाहू लागलं. ती पुटपुटली, "डोळे दिलेस बाबा." तेवढ्यात पट्टीत काहीतरी हललं. चासानं खाली झेप घेतली, पंख उघडले आणि आभाळानं फाडून दिल्यासारखी ती निळाई लखलखत आमच्या डोक्यावरून गेली.

जोडलेले हात तसेच वर धरून अक्का गाडीत उभी राहिली आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली,

"अगं बया! ह्यो तर उडायलाय!"