डोमाजीनं बसवलेला आकडा

"काडतूस हातानं नळीत टाकलं होतं का नाई, थे सांगा आंधी."

"तू बंदूक पाह्य ना गा डोमाजी. मले काय इचारून राह्यला?" नत्थुजी म्हणाला आणि स्टुलावर बूड टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळू लागला.

डोमाजीनं रायफलीचा बोल्ट, नळीमागचा सरकता दांडा, केव्हाच काढला होता. बोल्टच्या तोंडाशी पोलादाचा आकडा असतो. बार झाला की रिकामं काडतूस त्यानंच मागं ओढायचं. कंपनीचा आकडा झिजला म्हणून पावसाळ्याआधी डोमाजीनं नवा बसवून दिला होता. तोच आता अर्धा तुटलेला, आणि रिकामं काडतूस नळीत फसलेलं.

बंदुकीआधी बदनामी अकोल्यात पोचली होती. चांदूर बाजारकडं नत्थुजीच्या संत्र्यात रानडुक्कर शिरलं. मारायचा परवाना होता, नत्थुजीचा पहिला बार त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला लागला. दुसरा भरताच आला नाही. खवळलेल्या डुकरानं नत्थुजीच्या लेकाची, नितेशची, मांडी फाडली. पोरगा अजून अमरावतीच्या दवाखान्यात, आणि गावभर एकच बोलणं : डोमाजीच्या हातचा आकडा.

फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात डोमाजीची जवानी गेली. पेन्शनीत आल्यावर तो जुन्या शहरातल्या खुशालरावाच्या दुकानात बसला. बोर्डावर नाव खुशालरावाचं, परवाना त्याचाच. बंदूक नीट चालली तर नत्थुजीच्या बापजाद्यांची, फसली तर डोमाजीची. या गोष्टीतून दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा खुशालरावानं सुनावलं होतं, हे निस्तर, नाहीतर घरी बस.

आकडा देतानाच डोमाजीनं बजावलं होतं. काडतूस वरून मॅगझीनमध्ये दाबायचं, मग ते चढता चढता आकड्यात आपसूक बसते. हातानं थेट नळीत सारलं तर आकड्याले त्याच्या बुडावरून उडी मारावी लागते, आणि पोलाद काही बेडूक नाही. पण नत्थुजीच्या बापाची रीत निराळी. परवान्यावर काडतुसं मोजून मिळत, म्हणून म्हातारा बंडीच्या खिशात एकच ठेवी आणि वेळेवर हातानं भरी. नत्थुजीनं तेच उचललं.

डोमाजीनं तुटका आकडा उजेडात धरला. शेंडा बाहेरच्या अंगाला वाकून तुटला होता, काडतुसाच्या बुडावरून उडी मारताना तुटतो तसा. नत्थुजीनं पाहिलं न पाहिलं केलं.

"भरलं हातानं. मंग?" खर्रा गालात सारून तो म्हणाला. "पोट्ट्याले म्या आकडा खराब होता म्हून सांगतलं हाय. तू बी तेच सांग. फोन लावतो."

"अन् माह्या नावाचं काय?"

"तुह्या पोराची मांडी थोडीच फाटली."

गल्ल्यावरून खुशालरावानं मान हलवली. खराब होता म्हून सांगून टाक, जुनं गिऱ्हाईक हाय.

फोन लागला. नितेशचा आवाज खोल गेलेला. त्यानं एवढंच विचारलं, "काका, आकडा खरंच खराब होता का?"

डोमाजीनं खुशालरावाकडं पाहिलं नाही. "आकड्यात खोट नोहती, नितेश. तुह्या बापानं काडतूस..."

नत्थुजीनं फोन ओढून बंद केला. रेंज गेली म्हून सांगतो, म्हणाला, आणि उठला. दारात वळून त्यानं विचारलं, "नवा आकडा सांजपर्यंत बसते ना? डुकरं रोज येऊन राह्यले."

वऱ्हाडात दुसरीकडं नेण्यासारखी जागा असती तर तो इथं आलाच नसता.

"बसते," खुशालरावानंच सांगून टाकलं.

डोमाजीनं रायफल उलटी धरली, नळीत तोंडाकडून पितळी गज घातला आणि फसलेल्या काडतुसावर हळूहळू ठोके द्यायला लागला.