मेथी जास्त पडली असेल

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. बायकोजवळ नाही, सोमवारी पिंडीसमोर बसतो तिथंही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. जमतंय का बघू.

केजच्या बाजारात आमचं किराणा-सुकामेव्याचं दुकान. आधी वडील बसायचे, मग मी. नव्वदनंतरची ती वर्षं. गावात एसटीडी बूथ आले, धाब्याच्या घरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या आणि पेपरासोबत आरोग्याची पुरवणी यायला लागली. त्या पुरवणीत एकदा जर्दाळूवर लेख आला. मी तो कापून काउंटरच्या काचेखाली सरकवला. जर्दाळूत लोह असतं, अशक्त बाईला बरं, डोळ्यांना चांगलं, भिजवून खाल्ले की पोट साफ — गिऱ्हाइकानं विचारो न विचारो, मी सांगायचोच. लोक मला ‘जर्दाळूआप्पा’ म्हणून चिडवायला लागले. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? तहसीलातला कारकूनसुद्धा डॉक्टरच्या आधी माझ्याकडं यायचा.

जर्दाळूतलं काहीच वाया जात नाही, हा तर माझा लाडका मुद्दा. लग्नाच्या पंगतीला खुबानीचा, म्हणजे जर्दाळूचाच, मिठा करणारा एक आचारी होता, तो उरलेल्या बिया पोत्यात भरून मला द्यायचा. दुपारी दुकान थंड असलं की मी त्या फोडत बसायचो. टरफलं बंबात जाळायला. आतली गिरी दिसायला थेट छोटा बदाम. लहानपणी तुम्हीही दगडानं फोडून खाल्ली असेल. एखादी गोड निघते, एखादी कडूजहर.

वडलांची शिस्त कडक होती. प्रत्येक पोत्यातल्या चार-दोन गिऱ्या चाखायच्या. गोड माल पांढऱ्या डब्यात, कडू माल काळ्या डब्यात. काळ्या डब्यातला माल घाण्यावर द्यायचा, त्याचं तेल सांध्यांना चोळायला. “कडू कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं न्हाई, जीव घाबरा करतंय,” असं ते बजावायचे. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं मी नकळत ते गाळून टाकीन.

गोड गिरी मी बदामात मिसळायचो. तीही लबाडीच — पण सांगायला बसलोय ती ही नाही.

सोनामावशी धारूरच्या अंगाला धनगरांच्या वस्तीवर राहायची. घरी मेंढरं. बाळंतिणीचे डिंक-मेथीचे लाडू करावेत तर तिनंच. माप नाही, तराजू नाही, मेथी मुठीनं. आमच्या लेकीच्या वेळी ती दोन दिवस आमच्याकडं राहून लाडू वळून गेली होती. माझी आई सहसा कुणाला चांगलं म्हणायची नाही, पण ती म्हणायची, सोनाच्या लाडवांनी माझी सून उभी राहिली.

मग मावशीच्या थोरल्या सुनेला मुलगी झाली. त्या पोरीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. मावशी बाजाराच्या दिवशी दुकानात आली, तोंडभर हसत. “आप्पा, बदाम चांगलं द्या बरं का. सूनबाई लई अशक्त हाय. तिला मायबी मीच न् सासूबी मीच.”

बदाम त्या दिवशी थोडेच उरले होते. पांढरा डबा रिकामा. तिची एसटी लागायची वेळ झालेली. मावशी, पुढच्या बाजारी या — एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं म्हणून? जर्दाळूआप्पाच्या दुकानात एखादी वस्तू नाही, हे कबूल करायची लाज वाटली म्हणून? दोन्ही असेल. मी तिच्याकडं पाठ केली आणि काळा डबा उघडला. तेव्हा मनात आलेलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं — लाडवात मेथी असते, कडू कुणाला कळतंय?

निम्मे बदाम, निम्मी कडू गिरी. वर दोरा गुंडाळून पुडी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, “देव तुमचं भलं करो.”

पुढचं मला तिनंच सांगितलं, पंधरा दिवसांनी. सून म्हणाली होती, आत्या, लाडू लई कडू लागतोय. मावशी म्हणाली, मेथी कडूच असती, डोळं मिटून खा. एक खाल्ल्यावर तिनं आग्रहानं दुसरा दिला. मग पोरीला ओकाऱ्या सुटल्या, डोळे फिरले, श्वास लागला. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली. वाचली. तान्ही पोरही बरी राहिली. पण सुनेचा बाप आणि भाऊ आले आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, पोरगी झाली म्हणून म्हातारीनं लाडवात कायतरी कालवलं. मायलेकींना घेऊन गेले.

मावशी माझ्याकडं जाब विचारायला आली नव्हती. जाब विचारला असता तर बरं झालं असतं का? तिला माझा संशयच नव्हता. ती म्हणाली, “आप्पा, तुमाला समदं कळतंय. माज्या लाडवात काय चुकलं?”

काळा डबा माझ्या डोक्यामागच्या फळीवर होता.

मी म्हणालो, “मेथी जास्त पडली असेल.”

तिनं दारातल्या मेथीच्या पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि माझ्यासमोर उघडली. “एवढीच घातली हुती.” मी वाकून तिची मूठ नीट पाहिली. पाहायचं नाटक केलं, असं म्हणतो. “ही लई झाली, मावशी.” तिनं मूठ पोत्यावर हळूहळू सैल केली. मग हात पदराला पुसला आणि गेली. त्याच संध्याकाळी मी काळा डबा नेऊन नाल्यात रिकामा केला. काचेखालचं कात्रण मात्र राहू दिलं.

सून वर्षानं परत आली, पण सासूच्या हातचं खायची नाही. भाकरीसुद्धा स्वतःची स्वतः थापायची. वस्तीवरचं कुणी पुन्हा मावशीला लाडू करायला बोलावलं नाही. मावशी बाजाराला यायची, तेल-मीठ न्यायची. मेथीच्या पोत्याकडं बघायची नाही.

नंतर आमची लेक बाळंतपणाला आली. बायको म्हणाली, “लाडू विकतचे आणा. सोनाबाईच्या हातचे नकोत बाई, तिच्याबद्दल काय काय ऐकलंय.” मी मान डोलावली. हो म्हणालो नाही, नुसती मान डोलावली — म्हणजे काही कमी झालं का? चार दिवसांनी मावशी आमच्या दारात आली, बाळाला लहान घोंगडी घेऊन, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. उंबऱ्याच्या आत आली नाही. बायकोला म्हणाली, “लाडू न्हाई आनलं. माजा हात बिघडलाय.”

मी आत काउंटरवर बसल्यासारखा पाटावर बसून होतो. दहा पावलांवर. ऐकत होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. सून मातीला होती, रडतही होती म्हणतात. त्या नातीचं आता लग्न झालंय. आजीनं तिच्या आईला काय खायला घातलं होतं, हे तिला लोकांकडून कळलेलंच आहे.

मी अजून दुकानात बसतो. मेथीचं पोतं दारातच असतं. परवा कुणी नव्हतं तेव्हा मी त्यात हात घातला आणि तिनं उघडली होती तेवढी मूठ भरून पाहिली.

मूठ बरोबर होती.