नवरंगासाठी मागितलेला पाला

आमच्या सरावलीत नागोरावकाकांच्या परसात माती आहे, हे सांगून कुणाला पटत नाही. इतकं ते परस झाडलेलं. काका मूळचे परभणीकडचे. बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होते. कारखाना सुटला, सवय सुटली नाही. परसातही त्यांनी पांढऱ्या फक्कीने चौकोन आखलेत: इथे कुंड्या, इथे बादली, इथे पक्षी.

मी त्यांची शेजारीण, स्वाती. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. सकाळी सहाला कंपनीची बस येते. ती पकडावी की परस झाडावं? मी बस पकडते. त्यामुळे माझ्या आंब्या-फणसाखाली घोटाभर पाला असतो. त्यावरून काकांनी मला जेवढं ऐकवलंय तेवढं सासूनेही ऐकवलं नसेल. "स्वाती, उद्या आग लागली म्हणजे?" असं कुंपणापलीकडून रोज चालायचं. "तुम्हालाच हाक मारीन," म्हणून मी दार लावून घ्यायची.

निवृत्तीच्या दिवशी सोबतच्यांनी त्यांना कॅमेरा दिला आणि काकांना पक्ष्यांचं वेड लागलं. बुलबुल झाले, शिंपी झाला, दयाळ झाला. राहिला नवरंग. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा आणि शेपूट जवळजवळ नाहीच. वैशाख सरता सरता तो आमच्याकडे परततो. काकांचा हट्ट एकच, फोटो काढीन तर माझ्याच परसात. मनोरकडच्या जंगलात दाखवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी वाटेला लावलं. "जन्मभर दुसऱ्याच्या जागेत राबलो. हा पाहुणा माझ्या घरी यायला पाहिजे," म्हणायचे. तीन उन्हाळे रोज पहाटे खुर्ची टाकून बसले. नवरंग फिरकला नाही.

यंदा एका रविवारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. पाल्यात काहीतरी खुडबुडलं. मोबाइलवर फोटो काढला आणि कुंपणावरून काकांना दाखवला. "काका, हे जत्रेतलं रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू कुणाचं हो?"

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. नवरंग! तोही माझ्या कचऱ्यात! आधी मला हसू फुटलं, पण त्यांचं तोंड एवढंसं झालेलं पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

पाड्यावरची नवसी ताडगोळे विकायला आली होती. तिने तिथल्या तिथे निवाडा केला. "पाल्याखाली किडं ऱ्हातात, ती खायाला पाखरू येतं. तू समदा पाला झाडून टाकला. मंग त्यानं काय तुजी फक्की खावाची?"

संध्याकाळी काका गोणपाट घेऊन माझ्या दारात. "थोडा पाला मिळेल का?" नजर जमिनीवर. मी चार गोण्या भरून दिल्या, किड्यांसकट. काकांनी तो पक्ष्यांच्या चौकोनात पसरला आणि रेषेबाहेर गेलेली पानं झाडूने परत आत लोटली. तेव्हा त्यांच्या बायकोने, राहीबाईकाकूंनी, झाडू हिसकावून माझ्याकडे दिला. "कुलपात ठेव गं बाई. ह्यांच्या हाताला खाज हाय."

आठव्या दिवशी तो आला. काका खुर्चीवर, काकू उंबऱ्यावर, मी कुंपणाशी. नवरंग उड्या मारत पानं उलथवत होता, अगदी चौकोनाच्या मधोमध. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात वारा आला आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद उडून नवरंगाच्या शेजारी पडला. कागद माझ्याच परसातला, कबूल करते.

काका थांबले. त्यांची नजर कागदावर गेली. मी मनात म्हणत होते, दाबा हो काका, दाबा. काका उठले, दोन पावलं गेले, वाकले आणि कागद उचलला.

नवरंग भुर्रकन गेला.

मग काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "लग्नाच्या फोटोतबी हेच केलंत. ऐन वक्ताला सतरंजीची घडी सरळ कराया वाकलात. फोटोत मी एकटीच हाय. गावात बाया इचारत्यात, नवरा कुठंय म्हणून."

काका हातात कागद घेऊन उभेच. मग त्यांनी तो खिशात कोंबला, कॅमेरा माझ्या हाती दिला आणि काकूंना पाल्यात नेऊन शेजारी बसले. "आमचा दोघांचा काढ."

मी कॅमेरा धरला. त्यांच्या परसावर झुकलेल्या माझ्या फणसाचं पान गळून काकूंच्या खांद्यावर पडलं. काकांचा हात लगेच तिकडे गेला.

"हलू नका!" काकू ओरडल्या. मी बटण दाबलं.

फोटो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत टांगलाय. आला-गेला म्हणतो, काकांनी या वयातही किती मायेने खांद्यावर हात ठेवलाय! आपण पान झटकायला निघालो होतो, हे सांगायला काका तोंड उघडतात. काकू चहा घेऊन मध्येच येतात आणि म्हणतात, "हां, हे असेच हायेत."