उपासाचं सार

अँजेलिना आमच्या वसईची. नवरा वारल्यावर दोन मुलं आईपाशी ठेवून ती बहारीनला आली आणि तिथल्या अदलिया भागात एका पोलिश इंजिनिअरसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला लागली. साहेबांची बायको मादाम बार्बरा, तिने तिला बटाटा भरून करंजीसारखी पिएरोगी वळायला, आंबट कोबीत मांस घालून बिगोस शिजवायला आणि बीटचं लालभडक सार, म्हणजे बार्श्च, करायला शिकवलं.

१९८१च्या नाताळात अँजेलिनाचा व्हिसा वाढवायच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. तिकडे पोलंडमध्ये लष्करी कायदा लागलेला, फोन बंद. मादामला आईची काहीच खबर नव्हती.

मी जवळच कामाला होते; नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्या मदतीला गेले. सारात सोडायला मश्रूम भरलेले, कानाच्या आकाराचे छोटे कणकेचे तुकडे आम्ही वळत होतो. हामूर मासा तळून झाला होता. मादाम आत आली. डोळे सुजलेले.

"आज मांस नाही, लक्षात आहे ना? आईच्या घरी आज मांसाचा कणही चालत नाही. निदान एवढं तरी मी पाळणार."

ती गेली तशी अँजेलिनाचा हात थांबला.

"नॅन्सीबाय, सार मी हाडांवर उकळलंय."

"काय?"

"नेहमीसारखंच. ती मांस नको म्हणाली, म्हणून गाळून तुकडे काढले."

"अगं वेडे, शुक्रवारी आपण मांस खात नाही, तेव्हा करशील का असं?"

"आज गुरुवार आहे! आपल्याकडे आज डुकराला मसाला लावून ठेवतात. यांचा आज उपास, मला काय ठाऊक?"

पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, म्हणून दिवाणखान्यात पाहुणे तिची वाट बघत खिडकीशी उभे होते.

"गप्प राहा," मी म्हटलं. "कुणाला कळतंय? सही राहिली तर खलास. पोरांना काय खायला घालशील?"

"तिचा उपास मी मोडू? आईची खबर नाही तिला."

ती हात पुसून बाहेर गेली. तिचे शब्द मला आत ऐकू आले. "मादाम, सार वाढू नका. त्यात हाडं उकळलीत."

मादाम आली, पातेलं उचललं आणि सगळं सार मोरीत ओतलं. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर लाल शिंतोडे उडाले. दारातून साहेब म्हणाले, "हिला परत पाठवू या."

मादामने वर पाहिलं नाही. पातेलं घासलं, त्यात पाणी भरलं, गॅस पेटवला.

"ते कान यात सोड. वर लोण्यात कांदा परतून घाल. आणि पुढच्या वर्षी सार वाळलेल्या मश्रूमच्या पाण्यावर कर. मी शिकवीन."

अँजेलिना "हो मादाम" म्हणाली आणि कांदा चिरायला बसली. मी कढईत लोणी घातलं.