कुल्याशचा लेप

अल्माटीच्या प्रयोगशाळेतल्या कुल्याशनं एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ब्रह्मदेव आला तरी ती हटायची नाही. दोन हिवाळे तिला एकच ध्यास होता: केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचा काळा लेप प्लास्टिकच्या पापुद्र्यावर पक्का बसवायचा. जमलं, तर मेंढपाळांच्या कोटाला बॅटरीवर तापणारं अस्तर लावता येणार होतं. पण चिकटपट्टी लावून ओढली की लेप तिच्याबरोबर निघून यायचा. आता काम तपासायला समिती येणार होती. तिच्यासमोरही लेप सुटला, तर काम कायमचं बंद.

प्लास्टिक आधी यंत्रातल्या जांभळ्या झोताखाली धरलं की ते लेप धरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झोत झाला की चहा, चहा झाला की लेप, हा तिथला शिरस्ता. एके दिवशी नळाला पाणी आलं नाही, चहा बुडाला, आणि त्या दिवशीचा लेप नखानं खरवडला तरी निघेना. मेला झोताचा गुण चहाच्या गप्पांत विरत होता!

तिनं प्रयोगशाळेचे प्रमुख तोरेगेल्दी अगाय, म्हणजे सर, यांना सांगितलं, "अगाय, समिती येईल त्या दिवशी चहा लेपानंतर घेऊ या."

"आणि पाहुण्यांना कोरड्या तोंडानं उभं करू? चहानं कधी कुणाचं वाकडं झालंय का गं?" ते हसले.

व्हायचं तेच झालं. समितीसमोर झोत संपला आणि तोरेगेल्दींनी सगळ्यांना चहाला बसवलं. ओतायला अर्थातच कुल्याश. आमच्या कझाखांकडे मानाच्या पाहुण्याला घोटभरच चहा देतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागत निवांत बसतो. पेला काठोकाठ भरला, तर अर्थ एकच: प्या आणि निघा.

कुल्याशनं समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांचा पेला काठोकाठ भरला.

"डोकं फिरलंय का तुझं?" तोरेगेल्दी ओरडले.

"माफ करा, आता," ती अध्यक्षांना म्हणाली. आमच्यात आजोबांना आता म्हणतात. "चहा रंगला की माझं काम वाया जाईल. शिव्या नंतर द्या, पण आत्ता उठा."

म्हाताऱ्यानं पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो उठला.

तिनं लेप दिला, गरम हवेनं वाळवला. पट्टी म्हाताऱ्यानं स्वतः दाबून लावली आणि कचकन ओढली. पट्टी कोरी! त्यानं दुसरी लावली, दात खाऊन ओढली. तीही कोरी.

"जन्मात मला कुणी असं हाकललं नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "काम चालू ठेव."

इतका वेळ ताठ उभी असलेली कुल्याश खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.