बनाच्या घरचा घास

एकोणसत्तर सालच्या माघात आम्ही तिघं विमानानं मुंबईला गेलो: माझे सासरे तुळशीराम, सासू मनकर्णाबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामाजी. चिखलीच्या बाहेर आमचा वांगी-मिरचीचा मळा आहे. आत्याबाईंचं सारं जाणंयेणं या मळ्यापासून मोजलं जाई. चिखलीचा बाजार जवळ, बुलढाणा लांब, जालना परमुलुख. त्याच्यापुढची गावं त्यांच्या लेखी फक्त पत्रावर असत.

मुंबई तशी पत्रावर होती. तिथं त्यांची लेक बना राहत होती. जावई जानराव एका विमान कंपनीच्या कारखान्यात मिस्त्री. त्यांच्या कंपनीत घरच्या माणसांना वर्षातून एकदा रिकाम्या जागेवर बसवून नेत. जानरावांनी तीन पास पाठवले आणि सोबत चार ओळी: ‘तुम्ही आलात तर बरं होईल. बना हल्ली बोलत नाही फारसं.’

बना तीन दिवाळ्या माहेरी आली नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माहेरी आली की गल्लीतल्या बायका आधी तोंडाकडे बघायच्या आणि मग पोटाकडे. तिनं येणंच सोडलं.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा आत्याबाई मिरच्यांची देठं काढत होत्या. म्हणाल्या, “जाऊ.” आणि लगेच दुसरं वाक्य, “सूनबाई, तू चाल संगं. सैपाकाले.”

मला वाटलं गंमत करताहेत. लेकीच्या घरी जाताना स्वयंपाकाला सून कशाला? पण त्या गंमत करत नव्हत्या. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी आईबाप घेत नाहीत. माझ्या स्वतःच्या आईनं या घरातला पहिला घास माझ्या मुलाच्या बारशाला खाल्ला. त्याआधी दोनदा आली, ती दारातून बोलून शेजारी जाऊन जेवली. मी कॉलेजात शिकलेली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण बारा-चौदा महिन्यांचा प्रश्न होता, संपून गेला. बनाचा सात वर्षं संपला नव्हता.

म्हणून सामान असं निघालं: पितळी डब्यात दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, एक पायली ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, हळद, गूळ, एक स्टोव्ह, आणि आमच्या विहिरीचं पाणी, एका फिरकीच्या तांब्यात आणि एका झाकणाच्या डब्यात. मुलाला मी मोठ्या जावेकडे ठेवलं. तसं आत्याबाईंनीच सांगितलं, “त्याले नको नेऊ. बनाच्या घरात थो रांगन, अन् आपुन पाहात बसू.”

औरंगाबादेच्या विमानतळावर सामान वजनाला लावलं. तिथल्या बाबूनं पोतं दाबून पाहिलं.

“बाई, यात काय आहे?”

“आठ दिवसाचं पोट हाय, बाप्पा.”

तो हसला, पण पुढच्या पिशवीला नाक लावून त्यानं मान हलवली. स्टोव्हमधलं रॉकेल मामाजींनी घरीच ओतून टाकलं होतं. वास मात्र ओतता आला नव्हता. स्टोव्ह तिथल्या शिपायाच्या खोलीत राहिला. परतताना घेऊन जा म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा पडला. “आता चूल बनाची वापराव लागन,” एवढंच बोलल्या. थोड्या वेळानं स्वतःच तोड काढली, “चूल काही पोटात जात नाही.”

दशम्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. विमान वर चढताना सगळ्यांनी कानांत कापूस घातला. आत्याबाईंनी दोन्ही हात डब्यावर ठेवले. मामाजी खिडकीतून खाली बघत होते. “बनाची माय, पाह्य, वावरं कशी गोधडीवानी दिसून राह्यली.” त्या म्हणाल्या, “तुमीच पाहा.”

मग विमानातली मुलगी खाण्याचं ताट घेऊन आली. पाव, काकडी, एक केक. आत्याबाईंनी हात जोडले.

“काऊन नाई घेत?” मामाजी म्हणाले.

“जावयाच्या इमानातलं मी कशी खाऊ?”

“इमान काय जानरावचं हाय? थो त त्याचे पेच आवळते.”

“पास त त्याच्याच नावाचा हाय ना?”

“मंग बसली कशी? बसाले चालते अन् खाले चालत नाई?”

“बसनं पोटात जात नाही,” आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी हार मानली आणि दोन्ही ताटं संपवली. आत्याबाईंनी डबा उघडला. ठेच्याचा वास त्या बंद विमानात असा पसरला की पुढची दोन डोकी मागं वळली. पलीकडे कोट घातलेले एक गृहस्थ बसले होते. कुणाच्या देखत एकट्यानं डबा सोडायचा नाही ही आमच्याकडची रीत. आत्याबाईंनी दशमीची चतकोर त्यांच्यापुढं धरली. ते आधी नको नको म्हणाले, मग घेतली, मग ठेचा मागून घेतला आणि मुंबई येईपर्यंत डोळे पुसत राहिले. आत्याबाई प्रसन्न झाल्या. मला वाटलं, सगळं नीट होईल.

जानरावांच्या दोन खोल्या विमानतळाजवळच होत्या. बना दारात उभी होती. मी तिला माझ्या लग्नात पाहिलेली, भरल्या गालांची. आता गालाची हाडं दिसत होती. तिनं आईला मिठी मारली नाही. पायावर डोकं ठेवलं आणि उठली ती थेट आत गेली. आतून वांग्याच्या भाजीचा, तुपाचा, वेलदोड्याचा वास येत होता. पाट मांडलेले होते, पाच.

“बना,” आत्याबाई हळूच म्हणाल्या, “म्या दशम्या आनल्या.”

बनानं पाटांकडे पाहिलं. मग दोन पाट उचलून भिंतीला लावले. थोडा विचार करून तिसराही, माझा. “वहिनी, तुम्ही तरी?” असं तिनं विचारलं असतं तर मी बसले असते. तिनं विचारलं नाही.

मला विचारलं ते एवढंच, “बाळाले नाही आनलं?”

“सर्दी होती,” मी म्हणाले. सर्दी नव्हती हे तिला कळलं.

त्या रात्री मामाजींनी स्टोव्हची आणि विमानातल्या ताटांची सगळी गोष्ट बनाला रंगवून सांगितली. पुढचे तीन दिवस एका स्वयंपाकघरात दोन स्वयंपाक होत होते. सकाळी बना जानरावांचा डबा करी. मग ती स्टोव्ह सोडून बाजूला होई आणि मी आमच्या पिठाच्या भाकरी थापी. पीठ परातीत पडलं की बना जवळ येऊन उभी राही. एकदा तिनं चिमूटभर पीठ उचलून नाकाशी नेलं. “मळ्यातलीच ज्वारी हाय ना?” म्हणाली. मी परात तिच्याकडे सरकवली. “थापा ना एक.” तिचा हात पुढं आला, आणि बाहेरच्या खोलीतून आत्याबाईंचं खाकरणं ऐकू आलं तसा मागं गेला. आई रागावेल म्हणून नव्हे; तिनं थापलेली भाकरी आई खाणार नाही, आणि ती तव्यावरून उतरल्यावर करायचं काय, म्हणून.

जेवताना मामाजींचे डोळे मात्र बनाच्या पातेल्यात. “रंग मोठा जोरदार आला व भाजीले,” असं म्हणत आणि आमचं वरण ओरपत.

तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी संपलं. मी जपून वापरलं होतं तरी संपलं. आत्याबाई सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. दुपारी मामाजींनी तोड काढली. “खाली आंगनात नळ हाय. थो म्युन्शिपाल्टीचा. घेऊन येतो तांब्या भरून.”

आत्याबाई विचार करू लागल्या. तेवढ्यात बना आतून आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. बहुधा सकाळपासून तो तिच्या हातात यायची वाट बघत होता.

“बाबा,” ती म्हणाली, “आमच्या मोरीतलं पानीही म्युन्शिपाल्टीचंच हाय. इमान कंपनीचं. पास कंपनीचा. चूल काही पोटात जात नाही. मंग माह्यं काय हाय इथं? माह्या हातचं काय हाय?”

खालून मुलांचा गलका येत होता. बनानं पेला जमिनीवर ठेवला, आईच्या पुढ्यात.

“सात वर्षं झाले, माय. तू जेवत नाई म्हंजे मले रोज कोनी तरी सांगते, तुह्यी कूस रिकामी हाय. बाकीच्या बाया सांगतात त मी दार लावून घेतो. तुले कसं दार लावू?”

आत्याबाईंनी पेल्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ राहिले. त्यांना शब्द शोधताना तेव्हाच पाहिलं.

“अव पोरी,” त्या म्हणाल्या, “उलटं धरलं तू. मी जेवत नाही थे तुह्यासाठी. ज्या दिवशी मी आसं जेवली त्या दिवशी म्या मान्लं म्हना की आता काही होत नाही. म्या अजून मान्लं नाही. साऱ्या चिखलीनं मान्लं. तुह्या बापानं मान्लं असन. म्या नाही.”

मामाजी खिडकीबाहेर बघू लागले.

बना खाली बसली. आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढलं, अंबाडा सोडला आणि केसांतून बोटं फिरवू लागल्या. पेला तिथंच राहिला. मामाजी गुपचूप उठून तांब्या घेऊन नळावर गेले.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. बना मळ्याचं विचारू लागली. रांजणाजवळची लिंबोणी आहे का, मोटेचा बैल कोणता, शेजारच्या जनकाबाईचं सुनेशी पटतं का. आत्याबाई उत्तरं देत आणि मध्येच थांबून तिच्याकडे बघत. स्वयंपाक दोनच राहिले. मी भाकरी थापताना बना आता माझ्याजवळ बसे, पण परातीला हात लावत नसे. आठवा दिवस आला तेव्हा पिठाच्या पोत्यात जेमतेम एका वेळचं पीठ होतं.

निघताना बनानं पितळी डबा आईच्या हातात दिला. रिकामा न्यायचा म्हणून घासून ठेवला असेल असं मला वाटलं. पण आत्याबाईंनी हातात घेताच त्यांचा हात खाली गेला.

“हे काय व?”

“काही नाई. रिकामा डबा देत नाहीत म्हनून भरला. घरी नेऊन गाईले घाल.”

आत्याबाईंनी नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. डबा मांडीवर घेऊन विमानात बसल्या. खाली मुंबई लहान होत गेली. विमानातली मुलगी ताटं घेऊन आली. या वेळी मामाजींनीही मानेनंच नको म्हटलं. त्यांची नजर डब्यावर होती.

बऱ्याच वेळानं आत्याबाई मला म्हणाल्या, “सूनबाई, खाली पाह्य बरं. कोनाचं गाव हाय?”

मी वाकून बघितलं. तपकिरी डोंगर होते, मध्ये मध्ये ढग. “कुणाचंच दिसत नाही.”

“घर?”

“नाही.”

“जानरावचं घर मागं राह्यलं ना?”

“केव्हाच.”

त्यांनी डबा उघडला. ज्वारीच्या चार भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, वर कागदाच्या पुडीत तिळाची चटणी. आत्याबाईंनी भाकरी मोडली, भाजीला लावली आणि पहिला घास तोंडात घातला. चावला नाही. तोंडातच धरून बसल्या. मग चावायला लागल्या, सावकाश, डोळे मिटून. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. सात वर्षांची भूक होती ती, आणि जिच्या हातचं त्या खात होत्या ती पोरगी तिकडं खाली कुठंतरी रिकामे पाट उचलत असणार.

“मले?” मामाजी म्हणाले.

त्यांना अर्धी भाकरी मिळाली. मला अर्धी. बाकीच्या तीन आत्याबाईंनी संपवल्या, आणि डब्याच्या बुडाला राहिलेला रस्सा बोटानं पुसून घेतला. मग तांब्यातलं पाणी प्यायल्या, तेही बनानंच भरून दिलेलं.

घरी पोचल्यावर, हातपाय धुतले न धुतले तोच मला कार्ड घेऊन बसवलं. “लिही बनाले.”

“काय लिहू?”

“लिही, जेवली. इमानात.” जरा थांबल्या. “लिही, भाकर नरम होती. वांगे सवादी होते.” पुन्हा थांबल्या. “अन् भाजीत मीठ कमी पडलं म्हना.”

“मीठ कशाला लिहायचं, आत्याबाई?”

“लिही. नाई त तिले वाटन गाईनं खाल्लं.”

मी लिहिलं. आठव्या दिवशी बनाचं उत्तर आलं. एकच ओळ होती, मोठ्या अक्षरात, कार्ड बरंचसं कोरं: ‘माय, मीठ किती कमी होतं?’

मी वाचून दाखवलं. आत्याबाई उठल्या, मिठाच्या बरणीतून चिमूट भरून घेतली, तीतलं थोडं परत टाकलं, आणि उरलेलं माझ्यासमोर धरलं. “इतलुसं. लिही तिले.”

ते कार्डावर कसं लिहायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.