एकटीच्या गळ्यातली कंठी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्याचा, हेही धड सांगता येत नाही. पण एका सासूने आपल्याच गुरूविरुद्ध दिलेली खबर मी विसरलेलो नाही, आणि शुद्धीवर असेपर्यंत विसरणारही नाही.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली तहसील होती आणि आमचा सारा मुलूख मध्य प्रदेशात मोडत होता. धानाच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांची नावं मी सांगणार नाही. ज्या बायकांनी भोगलं, त्यांची लेकरंबाळं अजून तिथंच नांदत आहेत.

सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत होतो. एक पन्नाशीची शेतकरी बाई आत आली. बांधाचं भांडण असेल असं समजून शिपायाने तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. शिपायाला बाहेर पाठवा म्हणाली, आणि तो गेल्यावर एका दमात बोलली.

"साहेब, माह्या सुनेची अब्रू महाराजानं घेतली. आन् मीच नेली होती तिले."

हा महाराज म्हणजे तलावाकाठच्या मठाचा गादीपती. अर्धी तहसील त्याची शिष्य होती, ही बाईसुद्धा लग्न झाल्यापासून. सुनेला मूल होईना, म्हणून तिने सुनेला मठात नेलं. अशा बाईला एकटीलाच मंत्र द्यावा लागतो असं सांगून महाराजाने दार लावून घेतलं, आणि सासू बाहेर नारळ घेऊन हात जोडून बसली. असं दोन-तीनदा झालं. त्यानंतरचे काही महिने सून घरात मुकी होऊन वावरली. आदल्या दुपारी सासूला ती तलावाच्या पाळीवर सापडली. मंगळसूत्र आणि जोडवी काढून दगडावर ठेवलेली होती. सासूने तिला मिठी मारून घरी आणलं, दार लावलं आणि सारं ऐकून घेतलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

सून कुठे आहे, असं मी विचारलं. बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली आहे, ठाण्याची पायरी चढलेल्या बाईला लोक नावं ठेवतात म्हणून आत येत नाही, असं सासू म्हणाली. मी टोपी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेलो. वीस-बावीस वर्षांची मुलगी, गळ्यात तुळशीची कंठी, नजर जमिनीत. मी चार हात दूर बसलो. तिने एकच प्रश्न विचारला.

"मी सांगतली तं माहा नवरा मरल का?"

कंठी बांधताना महाराजाने तिच्या कानात मंत्रासोबत हेही घातलं होतं. या खोलीतली गोष्ट बाहेर गेली, तर तुझं कुंकू पुसलं जाईल. मला संताप आला. दाराला कडी नसली तरी त्या मुलीला बाहेर पडता येऊ नये, असा हा बंदोबस्त होता. पण संताप पोलिसाने घरी ठेवावा. मी तिला म्हटलं, "हे बघ पोरी, तुझ्या सासूच्या खबरीवरून त्याच्याविरुद्ध मी आत्ता लिहिणार. शाप असेलच, तर आधी लिहिणाऱ्याला लागेल. उद्या मी जिवंत दिसलो, तर मग तू बोल."

खबर नोंदवली, सासूचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. मला धडधाकट पाहून ती मुलगी किंचित हसली. मग सासूचा हात धरून तिने जबानी दिली.

नवरा ओसरीवर बसून होता. तो महाराजावर चिडला होता की बायकोवर, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. माहेरी पाठवून देतो, असं काहीसं पुटपुटला. त्याच्या आईने त्याला तिथंच अडवलं.

"कायले पाठवतं तिले? चूक असल तं माही हाये. धाडाचं असल तं मले धाड."

माहेरी पाठवण्याचं नाव मुलाने पुन्हा काढलं नाही. माझ्या साऱ्या कलमांपेक्षा त्या एका वाक्याने जास्त काम केलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. गोंदियाचे एक बडे व्यापारी मोटार घेऊन ठाण्यावर आले. "दरोगा साहब, धर्म का मामला है, आपस में निपट जाएगा," असं त्यांनी समजावलं. पिंडीवर विंचू बसला तर वहाण मारता येत नाही, हेही ऐकवलं. मी म्हणालो, शेठजी, वहाणेची गरजच नाही, सरकारने आम्हाला चिमटा दिलेला आहे. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

अडचण मात्र खरी होती. महिने उलटल्यामुळे वैद्यकीय तपासणीत काही हाती लागणार नव्हतं. एका बाईचा शब्द एकीकडे आणि अर्ध्या तहसिलीची श्रद्धा दुसरीकडे. महाराजाला चौकशीला बोलावलं तेव्हा तो शिष्यांच्या गराड्यातच आला. मी त्याला खुर्ची दिली आणि बोलू दिलं. माझा अनुभव असा की, ज्याच्या बोलण्याला रोज माना डोलतात, त्याला गप्प बसता येत नाही. मी मुद्दाम अडाण्यासारखं विचारलं, कान फुंकण्याची, म्हणजे कानात मंत्र देऊन शिष्य करण्याची, रीत काय असते? तो खुलला. लग्न झालेल्या बाईचा कान एकटीचा कधी फुंकत नाहीत. नवरा-बायको एका शेल्याखाली बसतात आणि दोघांनाही एकदमच कंठी बांधतात. आपल्या मठात ही रीत कधी मोडलेली नाही, मोडेल तो गुरूच नव्हे.

पोलिसापुढचं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तपासाची वाट दाखवायला ते पुरेसं असतं. मोहाखाली बसलेल्या त्या मुलीच्या गळ्यात कंठी होती आणि ओसरीवरच्या तिच्या नवऱ्याचा गळा मोकळा होता. मग तिला एकटीला कंठी बांधली कोणी, आणि केव्हा?

रोवण्याचे दिवस होते. पुरुष उघड्या अंगाने चिखल करत होते, बायका ओळीने धान रोवत होत्या. एका शिपायाला घेऊन मी आसपासच्या गावांतल्या बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या शेतांवरून, फिरलो. लोकांना वाटलं, ठाणेदार पाणीवाटपाचे तंटे पाहतो आहे. मी पाहत होतो गळे. बहुतेक जोड्यांच्या दोघांच्याही गळ्यात कंठी होती, नाही तर दोघांच्याही नव्हती. पण काही बायका अशा दिसल्या की, त्यांना कंठी होती आणि नवऱ्याला नव्हती.

बांधीत मी कोणालाही हटकलं नाही. वर्दी पाहून त्या कायमच्या मिटल्या असत्या. त्या मुलीच्या सासूला मी ती घरं सांगितली. ती हळद मागायच्या निमित्ताने गेली. काहींनी दार लावून घेतलं, त्यांना मी पुन्हा त्रास दिला नाही. दोघीजणी बोलल्या. त्या वेगवेगळ्या गावच्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या. पण धमकी तीच, शब्द तेच: तुझं कुंकू पुसलं जाईल.

त्या तिघींना मी कायदा सोप्या भाषेत सांगितला. उशीर झाला म्हणून खटला मरत नाही, उशीर का झाला ते खरं सांगावं लागतं. ठाण्याने लिहून घेतलं नाही, तर सरळ दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद करता येते. दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर जबानी दिली, की पोलिसांनी पढवलं असं म्हणणं अवघड जातं. कोर्टात लोकांसमोर बोलवत नसेल, तर न्यायाधीशाला खोली रिकामी करायची विनंती करता येते. आणि भीती घालून मिळवलेली संमती कायदा संमती मानत नाही. वकील वाईटसाईट विचारील, हेही मी लपवलं नाही. फसवून साक्षीदार उभा करणं मला कधी जमलं नाही.

दंडाधिकाऱ्यासमोर जायच्या सकाळी गाडं अडलं. कंठी गळ्यात असताना गुरूपुढची शपथ मोडता येत नाही आणि कंठी तर चितेवरच उतरते, असं म्हणून ती मुलगी कचेरीच्या पायरीवर बसली. सासूने आपल्या गळ्यातली, इतक्या वर्षांची, तेलाने काळी पडलेली कंठी दोन्ही हातांनी तोडली. मणी पायऱ्यांवर घरंगळत गेले.

"माही पयले," ती म्हणाली. "पाप लागन तं मले लागन."

मग सुनेने आपली तोडली. मागे उभ्या असलेल्या दोघींनीही तोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी शिपायावर उगाच खेकसलो. तिघींनी आत जाऊन जबानी दिली.

महाराजाला अटक झाली. सत्र न्यायालयात बचावाच्या वकिलाने म्हटलं, बाया आपल्या पायांनी आल्या होत्या. सरकारी वकिलाने मठातल्याच एका म्हाताऱ्या शिष्याला उभं केलं. त्याने कान फुंकण्याची रीत अभिमानाने सांगितली आणि एकट्या बाईला कंठी बांधणं त्या रीतीत बसत नाही, हे कबूल केलं. तिघींच्या साक्षी रिकाम्या खोलीत झाल्या. महाराजाला शिक्षा झाली आणि अपिलातही ती टिकली.

या खटल्याने मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला सांगत आलो. अशी बाई गप्प असते म्हणून ती खोटी ठरत नाही. तिला गप्प कशाने ठेवलं आहे, ते आधी शोधा. आणि ती पायरी चढत नसेल, तर तुम्ही उतरा. त्यात वर्दीचं काही जात नाही.

बदली होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. ठाण्याच्या दारात तीच सून उभी. आता अंगाने भरलेली, गळ्यात फक्त मंगळसूत्र. सोबत एक घाबरलेली अनोळखी मुलगी, पदराचं टोक दातात धरलेली. मोहाखाली कोणीच थांबलं नाही, दोघीही पायरी चढून थेट आत आल्या. मी उठून खुर्च्या ओढल्या आणि त्या मुलीला, घाबरू नकोस पोरी, कायदा असा आहे, म्हणून सांगायला लागलो. सुनेने मला मधेच थांबवलं.

"तिले सारं सांगतली मीनं, साहेब. कोर्टात काय इचारतेत तेबी. तुमी फक्त लिवा."